‘पॅच कधी घेणार?’ : एक्सझेडच्या मेंटेनरला कसं थकवलं गेलं

२९ मार्च २०२४, शुक्रवार. गुड फ्रायडेची सुट्टी आणि आर्थिक वर्षाचा शेवटचा वीकेंड, त्यामुळे आमच्या क्लायंटने आधीच बजावून ठेवलेलं की रविवार रात्रीपर्यंत सर्व्हरवर काही हलवायचं नाही. रात्री जेवणं उरकली आणि ग्रुपवर मेसेज आला, सगळ्या मशीनवर एक्सझेडचं व्हर्जन बघा, आत्ताच बघा, उद्यावर टाकू नका. मी पुण्यात लिनक्स सर्व्हर सांभाळायचं काम करतो, बरीच वर्षं झाली, पण एक्सझेड कोण लिहितं, कोण सांभाळतं हा प्रश्न मला त्या रात्रीपर्यंत एकदाही पडला नव्हता. टार फाइल उघडताना ते आतून आपलं चालतं, एवढीच ओळख. आमच्याकडे डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती होती, त्यावर एक्सझेड ५.४.१, धोक्याची व्हर्जन होती ५.६.० आणि ५.६.१, म्हणजे आम्ही वाचलो. मशीन बघून झाल्या तरी झोप काही येईना, म्हणून वाचत बसलो, आणि त्या व्हर्जनमध्ये लपवलेला बॅकडोअर, म्हणजे मशीनमध्ये गुपचूप शिरायची चोरवाट, कसा होता यापेक्षा तो तिथपर्यंत पोचला कसा हे वाचताना जास्त अस्वस्थ व्हायला झालं.

बॅकडोअरच्या तांत्रिक बाजूवर भरपूर लिहून आलंय, सीव्हीई-२०२४-३०९४ या नंबराने शोधलं तर सगळं मिळेल. मला लिहायचंय ते त्याच्या दोन वर्षं आधीच्या गोष्टीबद्दल, २०२२ च्या एप्रिल ते जूनमधल्या मूठभर मेलबद्दल. माझ्या मते खरं प्रकरण तिथे आहे.

आधी थोडी ओळख. एक्सझेड हे फाइल दाबून लहान करायचं टूल, त्याची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात तो कोड, लिबएलझेडएमए. सेव्हन-झिपमधून आलेला एलझेडएमए अल्गोरिदम लिनक्सच्या जगात नीट रुजवला तो फिनलंडच्या लासे कॉलिनने. आधी एलझेडएमए युटिल्स, मग एक्सझेड युटिल्स, ५.० रिलीज २०१० मध्ये आलं. आज लिनक्स कर्नलचा सोर्स .एक्सझेड फाइलमध्ये मिळतो, डेबियनची पॅकेजेस आतून याच प्रकारे दाबलेली असतात, म्हणजे बँकेच्या सर्व्हरपासून कॉलेजच्या लॅबपर्यंत जिथे लिनक्स आहे तिथे बहुतेक हे आहेच. आणि हे सगळं वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस, म्हणजे त्याचा मेंटेनर लासे, बघत होता, पगार नाही, कंपनी नाही, स्वतःचा वेळ घालून.

तो हळू काम करत होता हे खरं आहे. ५.२.० डिसेंबर २०१४ मध्ये आलं आणि ५.४.० यायला डिसेंबर २०२२ उजाडला, मध्ये छोट्या दुरुस्त्यांची रिलीज. पण कॉम्प्रेशनची लायब्ररी म्हणजे काही दर तीन महिन्यांनी नवं रूप घेऊन येणारं मोबाइल ॲप नाही. दहा वर्षांपूर्वी दाबून ठेवलेली फाइल आज उघडली पाहिजे आणि आज दाबलेली अजून वीस वर्षांनी उघडली पाहिजे, हेच तिचं काम, तिथे घाई करणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते. आणि तो झोपला होता असंही नाही. एप्रिल २०२२ च्या पहिल्या आठवड्यात एक्सझेडग्रेप या छोट्या स्क्रिप्टमध्ये सुरक्षेचं एक भोक सापडलं होतं, त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, त्याने ७ एप्रिलला बाहेर दिला. म्हणजे जिथे गरज होती तिथे माणूस हजर होता. ही तारीख लक्षात ठेवा, कारण दोनच आठवड्यांनी त्याला काय ऐकवलं गेलं ते पुढे येतंय.

बॅकडोअर ज्या नावाने आत आला ते जिया टॅन, त्या नावाचं गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचं खातं जानेवारी २०२१ चं. २९ ऑक्टोबर २०२१ ला या नावाने एक्सझेडच्या मेलिंग लिस्टवर पहिला पॅच आला, एडिटरच्या सेटिंगची एक फाइल, अगदी निरुपद्रवी. मग अजून काही. एप्रिल २०२२ मध्ये एक मोठासा पॅच आला, आणि त्यावर लासेचं उत्तर यायला वेळ लागतोय म्हटल्यावर जिगर कुमार नावाचा कुणीतरी उगवला. त्याचं म्हणणं, इथे पॅच वर्षानुवर्षं पडून राहतात, ५.२.० येऊन सात वर्षं झाली, लवकर काही होईल असं समजायला कारण नाही. महिन्याभराने परत तोच, महिना झाला, अजून पॅच घेतलेला नाही, आश्चर्य नाही म्हणा. नाव वाचून मला आधी वाईट वाटलं, की हा आपल्याकडचाच कुणी की काय. त्या नावामागे खरा माणूस असल्याचा काहीच पुरावा नाही, नाव कुणीही काहीही घेऊ शकतं, पण आपल्याकडचं नाव तिथे खपून जाईल असं कुणाला तरी वाटलं, तेही बोचतंच.

१९ मे ला डेनिस एन्स या नावाने विचारणा आली की एक्सझेडची जावा आवृत्ती अजून कुणी सांभाळतंय का, आठवड्यापूर्वी प्रश्न विचारला होता, उत्तर नाही, वर्षभरात काही बदलही दिसत नाही. लासेने त्याच दिवशी उत्तर दिलं. हो, एका अर्थी सांभाळतोय, बग कळवला तर दुरुस्त होतो, पण नवीन फीचरचं काम फारसं होत नाहीये, आणि पुढे उदास चेहऱ्याची खूण. त्यातच त्याने लिहिलं की जिया टॅनने लिस्टबाहेर मदत केली आहे, पुढे त्याची भूमिका मोठी होऊ शकेल, माझ्याकडचा वेळ आणि ताकद तोकडी पडतेय हे उघड आहे, काहीतरी बदलावं लागेल.

७ जूनला जिगर कुमार परत आला. आता सूर चढलेला. नवीन मेंटेनर आल्याशिवाय इथे काही होणार नाही, इथे पॅच पाठवण्यात अर्थ नाही, आत्ताच्या मेंटेनरचा रस संपलाय किंवा त्याला पर्वा नाही. याला लासेने ८ जूनला दिलेलं उत्तर मी त्या रात्री तीन-चारदा वाचलं. रस संपलेला नाही, असं त्याने लिहिलं, पण बऱ्याच काळापासूनच्या मानसिक आरोग्याच्या त्रासामुळे आणि आणखी काही गोष्टींमुळे लक्ष घालायची कुवतच कमी झाली आहे. आणि मग सौम्यपणे, हा बिनपगारी हौसेचा प्रोजेक्ट आहे हेही लक्षात ठेवलेलं बरं.

चारचौघांसमोर, अनोळखी लोकांना, एक माणूस सांगतोय की मला बरं नाहीये. यावर काय उत्तरं आली? आठवडाभराने जिगर कुमार म्हणाला की या वेगाने ५.४.० यावर्षी येईल असं वाटत नाही. (ते त्याच वर्षी १३ डिसेंबरला आलं.) २१ जूनला डेनिस एन्सने लिहिलं की तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं, पण स्वतःच्या मर्यादा ओळखायला हव्यात, हौसेचा प्रोजेक्ट आहे हे कळतं पण लोकांना जास्त हवंय, तर मग सी भाषेतली मूळ आवृत्ती दुसऱ्याकडे देऊन टाका आणि जावाकडे लक्ष द्या. किती समजूतदार वाटतं ना वाचायला. आजारी माणसाच्या उशाशी बसून, अगदी मायेने, घराची किल्ली मागावी तसं. २९ जूनला लासेने उत्तर दिलं की जिया टॅन खूप मदत करतोय, आत्ताच जवळपास सहमेंटेनर आहे, आणि शेवटी हसरा चेहरा.

जिगर आणि डेनिस या दोन्ही नावांचा नंतर शोध घेणाऱ्यांना इतरत्र कुठे मागमूस लागला नाही, दबाव आणायला उभी केलेली ही खोटी नावं असंच आता बहुतेक सगळे धरून चालतात. जिया टॅन कोण, एक माणूस की टोळी, हेही आजवर जाहीर झालेलं नाही.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त लागलं ते म्हणजे त्या मेलमध्ये वेगळं असं काहीच नव्हतं. शिव्या नाहीत, धमक्या नाहीत. ‘कधी घेणार’, ‘प्रोजेक्ट जिवंत आहे का’, ‘कुणी बघतंय का इकडे’, ही भाषा आम्ही टेक्निकल लोक रोज वाचतो आणि रोज लिहितो. मीसुद्धा लिहिली आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी बॅकअपचं एक छोटं टूल आम्ही वापरायचो, त्यात एक बग होता, माझा क्लायंट माझ्या मागे लागलेला आणि मी त्या टूलवाल्याच्या मागे, ‘तीन आठवडे झाले, निदान उत्तर तरी द्या’ असं मी तिथे लिहिलं होतं, क्लायंटकडून मला त्या कामाचे पैसे मिळत होते आणि त्याला शून्य. ते वाक्य अजून तिथे असेल. जिगर कुमारचे मेल वाचताना मला माझंच वाक्य आठवत होतं. हल्ला करणाऱ्याला नवीन हत्यार बनवावं लागलं नाही, आम्ही सगळ्यांनी मिळून ती भाषा इतकी नेहमीची करून ठेवली होती की त्यात त्याचा आवाज वेगळा ऐकूच आला नाही.

आमच्या सोसायटीत दहा वर्षं एकच सेक्रेटरी होते. पाणी आलं नाही की त्यांना फोन, लिफ्ट अडकली की त्यांना फोन, एजीएमला मात्र त्यांचीच उलटतपासणी चालायची, हिशोब उशिरा का, गेटला रंग कधी. पद घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं. अशा वेळी नवीन राहायला आलेला, गोड बोलणारा, पंप स्वतः दुरुस्त करून देणारा कुणी म्हणाला की काका, द्या मी बघतो, तर काका काय करतील? किल्ल्या देतील, आणि मनापासून आभार मानतील. आणि बाकीचे आम्ही, सुटलो एकदाचे, म्हणू. त्यात काकांची चूक शोधायला जाणं मला तरी जमणार नाही.

लासेच्या बाबतीत तर एवढंही घाईने झालेलं नाही, हे नीट सांगायला हवं, कारण त्याने सहज किल्ल्या देऊन टाकल्या असं बरेच जण लिहून मोकळे झाले. पहिला पॅच ऑक्टोबर २०२१ चा, जिया टॅनने स्वतः थेट कमिट, म्हणजे कोडमधले बदल, घालायला सुरुवात केली डिसेंबर २०२२ च्या अखेरीस, आणि त्याने काढलेलं पहिलं रिलीज ५.४.२ हे मार्च २०२३ चं. म्हणजे जवळपास दीड वर्ष माणूस काम करताना दिसत होता, आणि काम चांगलं करत होता. कुठल्याही कंपनीत नवीन माणसाला प्रॉडक्शनचा पासवर्ड मिळायला इतका वेळ लागत नाही.

पुढचं थोडक्यात. मार्च २०२३ मध्येच गुगलच्या ओएसएस-फझ या आपोआप तपासणीच्या सेवेत एक्सझेडसाठी संपर्क म्हणून जिया टॅनचा पत्ता लागला, जुलैत तिथे तपासणीतला एक भाग बंद करायला लावला गेला. २३ फेब्रुवारी २०२४ ला ‘टेस्टसाठी लागणाऱ्या फाइल’ म्हणून दोन फाइल गिट रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, आल्या, दुसऱ्याच दिवशी ५.६.० चा टारबॉल, म्हणजे लोकांनी उतरवून घ्यायची बांधीव फाइल, निघाला आणि त्या फाइलमधला माल बाहेर काढणारी एम-फोर स्क्रिप्ट फक्त टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हतीच. त्याच सुमाराला सीमेक या बिल्ड टूलच्या एका तपासणीत एक सुटा पूर्णविराम टाकला गेला, तेवढ्याने लँडलॉक नावाचं, प्रोग्रॅमला मर्यादेत ठेवणारं सँडबॉक्सचं संरक्षण गुपचूप बंद पडलं. एक टिंब. थकलेल्या डोळ्यांना सोडा, ताज्या डोळ्यांनाही दिसणं अवघड. ९ मार्चला ५.६.१. एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचा प्रोग्रॅम, स्वतः एक्सझेड वापरत नाही, पण डेबियन, फेडोरा वगैरे सिस्टमडीशी, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमशी, बोलायला त्यात जोड देतात, त्या जोडातून लिबसिस्टमडी आत येते आणि तिच्या मागून लिबएलझेडएमए, आणि तिथे बसून हा कोड लॉगिनच्या वेळची आरएसए किल्लीची तपासणी स्वतःच्या हातात घ्यायचा. ज्याच्याकडे योग्य किल्ली त्याला थेट मशीनवर आपली कमांड चालवता येणार, तीही रूट म्हणून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार घेऊन.

आणि आता तगादा परत सुरू झाला, यावेळी डिस्ट्रोंच्या, म्हणजे डेबियन-फेडोरासारख्या लिनक्सच्या आवृत्त्या काढणाऱ्यांच्या, मागे. हान्स यान्सेन नावाने डेबियनला ५.६.१ घ्या म्हणून २५ मार्चला विनंती आली, फेडोराच्या लोकांशी जिया टॅन कित्येक आठवडे बोलत होता की फेडोरा ४० मध्ये हे नवीन व्हर्जन हवंच. फेडोरात व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या टूलच्या तक्रारी आल्या (त्या बॅकडोअरमुळेच येत होत्या) तर त्या मिटवायलाही त्यानेच मदत केली. २०२२ ला जे एका माणसावर केलं तेच पुन्हा. पॅकेज सांभाळणारेही बरेचसे हौशी किंवा डोक्यावर शंभर पॅकेजेस असलेले, त्यांनाही कधीतरी वाटणारच की घेऊन टाकू आणि हा विषय संपवू.

हे पकडलं गेलं ते अँड्रेस फ्रॉइंडमुळे. पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेव्हलपर, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर पोस्टग्रेसची मोजमापं घेताना त्याला एसएसएचचे प्रोसेस उगाच सीपीयू खाताना दिसले, लॉगिनला ०.२९९ सेकंदांच्या जागी ०.८०७ लागत होते. अर्धा सेकंद. आणि काही आठवड्यांपूर्वी पाहिलेली व्हॅलग्राइंडची एक विचित्र तक्रार त्याच्या डोक्यात राहिलेली होती. तो मागे लागला, खणत गेला आणि २९ मार्चला सगळ्यांसमोर मांडलं. त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे जायला कौशल्य लागतंच, पण डोकं शांत असावं लागतं, वेळही असावा लागतो. नेमकं तेच २०२२ मध्ये लासेकडे उरलेलं नव्हतं, आणि ते उरलेलं नाही हे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितलंही होतं.

बाहेर आल्यावर गिटहबने रिपॉझिटरी बंद केली, जिया टॅनबरोबर लासेचंही खातं काही दिवस गोठवलं. तो तेव्हा सुट्टीवर होता, मेल उघडले तर हा सगळा प्रकार समोर. पुढच्या दोन महिन्यांत तो कमिटमागून कमिट तपासत बसला, तो पूर्णविराम त्यानेच ३० मार्चला काढला, आणि २९ मे २०२४ ला बॅकडोअर काढलेलं ५.६.२ बाहेर दिलं. पगार तेव्हाही नव्हता. ज्या माणसाबद्दल ‘पर्वा नाही’ असं लिहिलं गेलं होतं त्याने एवढ्या बदनामीनंतरही प्रोजेक्ट सोडून दिला नाही, हे मला प्रत्येक वेळी सांगावंसं वाटतं.

या प्रकरणानंतर जी चर्चा झाली त्यातला मोठा भाग मला पटत नाही. मेंटेनरची ओळखपत्रं तपासा, प्रत्येक कमिटला दोन सह्या घ्या, टारबॉल गिटशी जुळवून बघा. शेवटचं तर नक्कीच करावं, त्याला मशीन लागते, माणूस नाही. पण बाकीच्यात जे आधीच थकलेत त्यांच्याच डोक्यावर अजून एक फॉर्म. कर्ल या डेटा पाठवण्या-आणण्याच्या टूलच्या मुख्य लेखकाला जानेवारी २०२२ मध्ये, लॉगफोरजे या लायब्ररीत मोठं भोक सापडल्याच्या गोंधळानंतर, एका बड्या कंपनीकडून चोवीस तासांत उत्तरं द्या अशी सुरक्षेची प्रश्नावली आली होती, जणू तो त्यांचा पुरवठादारच. त्याने सपोर्टचा करार करा, आनंदाने उत्तरं देतो, असं कळवलं. असं ठणकावून सांगायलाही अंगात बळ लागतं, ते प्रत्येकाकडे नसतं.

पैसे द्यायला हवेत यात वाद नाही. २०१४ ला हार्टब्लीड हे सुरक्षेचं भोक सापडलं तेव्हा ते ज्यात होतं त्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीला वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणगी मिळत होती हे कळून सगळे हादरले होते, त्याला दहा वर्षं उलटून गेली. जर्मनी सरकारने २०२२ मध्ये यासाठी निधी काढला, आपल्याकडे झेरोधाने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा फंड जाहीर केला, चांगलंच आहे. पण मी ते २०२२ चे मेल परत परत वाचतो तेव्हा मला वाटतं, त्या जूनमध्ये लासेला चेकच्याही आधी दुसरं काहीतरी हवं होतं. मी सगळे मेल ओळीने वाचले. त्यात लासे आहे, जिया टॅन आहे, जिगर आहे, डेनिस आहे. मध्ये पडून ‘अहो, त्यांनी सांगितलं ना बरं नाहीये, जरा थांबा की’ असं म्हणणारं मला कुणी सापडलं नाही. लाखो मशीनवर चालणारी लायब्ररी, आणि तिच्या माणसाच्या बाजूने एक ओळ नाही. ‘लोकांना जास्त हवंय’ असं डेनिस म्हणाला तेव्हा हे लोक म्हणजे आम्ही होतो, आमच्या नावाने ते मागितलं जात होतं, आणि नाही, आम्हाला काही घाई नाहीये, जे आहे ते उत्तम चाललंय, हे सांगायला आमच्यातलं कुणी तिथे नव्हतं. मी तर नव्हतोच, मला तो माणूस आहे हेच माहीत नव्हतं.

त्या एप्रिलमध्ये आम्ही टीममध्ये बसून आमच्या मशीनवरच्या अशा छोट्या टूलची यादी केली, ज्यांच्यामागे एक किंवा दोनच माणसं आहेत. एका दुपारी संपेल म्हटलेलं, तीन दिवस लागले. आता त्यातल्या दोन-तीन टूलचं प्री-रिलीज आलं की आम्ही आमच्या जुन्या मशीनवर चालवून बघतो आणि काय झालं ते लेखकाला कळवतो, काही मोडलं नसलं तरी कळवतो. बॉसला याचे तास कुठे दाखवायचे हा प्रश्न होता, शेवटी ‘सिक्युरिटी’खाली टाकले, ते खोटंही नाही.

मागच्या महिन्यात यातल्याच एका टूलवर कुणीतरी लिहिलं होतं, वर्षभरात रिलीज नाही, हा प्रोजेक्ट मेला का? मी खाली लिहिलं की आम्ही हे रोज चाळीस मशीनवर वापरतो, शेवटचं रिलीज व्यवस्थित चालतंय, आम्हाला कसली घाई नाही, तुमची नेमकी अडचण काय ते सांगा, मी माझ्याकडे चालवून बघतो. विचारणाऱ्याकडून परत काही आलं नाही. चार दिवसांनी टूलच्या लेखकाने माझ्या उत्तराला नुसता एक अंगठा दिला.